सरासरी तीच, विखुरण वेगळे: तांबेऱ्याच्या टक्क्यांना बीटा रिग्रेशन लावताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोयाबीनचे दोन वाण घेतले, जेएस ३३५ आणि फुले संगम. फवारणीचे ३ उपचार, ४ पुनरावृत्त्या, म्हणजे २४ प्लॉट. पेरणीनंतर ६०, ७० आणि ८० दिवसांनी प्रत्येक प्लॉटमधून १० पाने तोडून तांबेऱ्याने व्यापलेला पानाचा भाग टक्क्यांत नोंदवला. अँग्युलर ट्रान्सफॉर्मेशन (प्रमाणाच्या वर्गमूळाचा आर्कसाइन) करून अॅनोव्हा लावला, तरी रेसिड्युअल (प्रत्यक्ष आकडा आणि मॉडेलचा अंदाज यांतला फरक) एका वाणात दाटीने बसतात आणि दुसऱ्यात भरपूर पसरतात. सरासरीच्या फरकाइतकाच विखुरणातला हा फरकही महत्त्वाचा वाटतो. मग मॉडेल कोणते घ्यावे?

मॉडेलच्या आधी एक गोष्ट तपासून घ्या: तुमच्या टक्क्याला छेद आहे का? १०० बियाण्यांपैकी ८७ उगवले, तर तो ८७ टक्के मोजणीतून आला आहे आणि त्याचा छेद १०० आहे. तिथे बायनॉमिअल (हो-नाही मोजणीचे मॉडेल) लावायचे आणि विखुरण बायनॉमिअलच्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाले तर बीटा-बायनॉमिअल. उगवणीचा टक्का आधी काढून तो बीटा रिग्रेशनला (० ते १ मधल्या सलग प्रमाणांसाठीचे मॉडेल) दिला, की १०० बियाण्यांवरचे ८७ टक्के आणि १५ बियाण्यांवरचे ८७ टक्के मॉडेलला सारखेच दिसतात. ही माहिती फेकून देणे झाले. पानाच्या क्षेत्रफळाचा टक्का मात्र मोजणीतून येत नाही, त्याला छेदच नाही. तुमचे आकडे या दुसऱ्या प्रकारचे आहेत, म्हणून बीटा.

नोंद ० ते ९ या श्रेणीत केली असेल तर गोष्ट बदलते. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातून १९८६ मध्ये मायी आणि दातार यांनी दिलेली श्रेणी आपल्याकडे सर्रास वापरली जाते. त्या श्रेणींवरून रोग निर्देशांकाचा टक्का काढतात, पण तो टक्का म्हणजे क्रमवार श्रेणींची भारित सरासरी असते. मूळ श्रेण्या हातात असतील तर थेट ऑर्डिनल मॉडेल (क्रमवार श्रेणींसाठीचे) लावणे जास्त प्रामाणिक. पुढचे सगळे लिखाण खऱ्या टक्क्यांबद्दल आहे.

अँग्युलर ट्रान्सफॉर्मेशनने काम का झाले नाही, हे समजून घ्या, कारण ते अजून पदव्युत्तर प्रबंधांत सवयीने वापरले जाते. हे रूपांतर बायनॉमिअल प्रमाणासाठी बनवलेले आहे. छेदाला ‘न’ म्हटले, तर रूपांतरित अंशांचा व्हेरियन्स साधारण ८२१ ÷ ‘न’ येतो आणि सरासरीवर अवलंबून राहत नाही. म्हणजे सगळीकडे छेद सारखा असेल तरच व्हेरियन्स सपाट होतो. छेदच नसलेल्या टक्क्यांना हा हिशेब लागू पडत नाही. शिवाय एका वाणात झाडाझाडांत खरोखरच जास्त फरक असेल, तर कुठलेही एकच रूपांतर दोन्ही वाणांना एका पातळीवर आणू शकत नाही. २०११ मध्ये वॉर्टन आणि हुई यांनी परिसंस्थाशास्त्राच्या आकड्यांसाठी हे रूपांतर सोडून द्यावे असे सविस्तर मांडले. शेतीसंशोधनातही तेच व्हायला हवे.

आता बीटा. सरासरीला म्यू म्हणू आणि अचूकतेच्या पॅरामीटरला फाय. व्हेरियन्सचे सूत्र असे:

व्हेरियन्स = म्यू × (१ − म्यू) ÷ (१ + फाय)

फाय मोठा, तर आकडे सरासरीभोवती दाट. फाय लहान, तर विखुरलेले. या सूत्रातली महत्त्वाची गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते: फाय सगळीकडे सारखा असला तरीही सरासरी बदलली की व्हेरियन्स बदलतो. फाय ९ धरा. सरासरी ५० टक्के असेल तर प्रमाण विचलन सुमारे १६ टक्के येते, सरासरी ५ टक्के असेल तर सुमारे ७. म्हणून बॉक्सप्लॉटमध्ये दोन गटांच्या पेट्या लहानमोठ्या दिसल्या, एवढ्यावरून फायसाठी वेगळे मॉडेल हवे असे ठरत नाही.

हे हाताने तपासता येते. प्रत्येक गटाची सरासरी आणि प्रमाण विचलन घ्या, टक्के नव्हे तर ० ते १ मधले दशांश, आणि सरासरी × (१ − सरासरी) ÷ विचलनाचा वर्ग − १ काढा. एका गटाची सरासरी ०.१० आणि विचलन ०.०५ असेल तर उत्तर ३५. दुसऱ्याची सरासरी ०.४० आणि विचलन ०.०८ असेल तर ३६.५. विचलन दीडपटीहून जास्त, तरी फाय जवळजवळ तोच. अशा ठिकाणी साधे, एकाच फायचे बीटा मॉडेल पुरते. तिसऱ्या गटाची सरासरी ०.४० आणि विचलन ०.१६ असेल तर फाय ८.४. हा खरा वेगळेपणा. मॉडेल चालवण्याआधी असे बारा-पंधरा आकडे कागदावर मांडले, की पुढे काय निघणार याचा अर्धा अंदाज येतो.

फरक खरा असेल तर तो दडपून चालत नाही. समजा, दोन्ही वाणांत सरासरी तीव्रता २० टक्के आहे. एकाचा फाय २० आणि दुसऱ्याचा ५. पानाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग व्यापला जाण्याची शक्यता पहिल्यात १०० पैकी सुमारे २ पानांची, दुसऱ्यात १०० पैकी १३. अॅनोव्हाच्या तक्त्यात हे दोन वाण ‘नॉन-सिग्निफिकंट’ म्हणून एका अक्षराखाली येतील, आणि ज्याला पानगळीची काळजी आहे त्याच्यासाठी नेमकी कामाची माहिती हरवेल.

फेरारी आणि क्रिबारी-नेटो यांनी २००४ मध्ये बीटा रिग्रेशन आज प्रचलित असलेल्या रूपात मांडले, तेव्हा फाय एकच होता. स्मिथसन आणि व्हर्क्युलेन यांनी २००६ मध्ये फायलाही स्वतःचे रिग्रेशन दिले. म्हणजे एकाच वेळी दोन समीकरणे: सरासरीचे लॉजिट लिंकवर, म्हणजे म्यू ÷ (१ − म्यू) च्या लॉगवर, आणि फायचे लॉग लिंकवर. त्यांच्या एका उदाहरणात ४४ मुलांच्या वाचनाच्या अचूकतेचे गुण आहेत, त्यांतली १९ मुले डिस्लेक्सिया असलेली. या मुलांचे गुण एका अरुंद पट्ट्यात बसतात, बाकीच्यांचे वरपर्यंत पसरतात. तिथे विखुरणातला फरक हाच निष्कर्षाचा मोठा भाग आहे.

आर ही संख्याशास्त्राची संगणक प्रणाली वापरत असाल तर बीटारेग पॅकेजमध्ये हे एका ओळीत लिहिता येते: तीव्रता ~ वाण × उपचार + दिवस | वाण + दिवस. उभ्या रेघेच्या डावीकडे सरासरी, उजवीकडे फाय. स्टेटा या सॉफ्टवेअरमध्ये बीटारेग हीच आज्ञा आहे आणि फायचे चल स्केल या पर्यायात जातात. पायथनच्या स्टॅट्समॉडेल्समध्येही अचूकतेसाठी वेगळे चल देता येतात.

क्रम मात्र पाळा. आधी सरासरीचे समीकरण शक्य तितके पूर्ण करा, मग फायकडे वळा. सरासरीत राहून गेलेला चल फायमध्ये ‘विखुरण’ म्हणून उगवतो, आणि तांबेऱ्यात हे सहज घडते. हा रोग खालच्या पानांवर आधी येतो आणि वर चढत जातो. १० पाने तोडताना काही खालची, काही मधली घेतली असतील आणि पानाची उंची मॉडेलमध्ये नसेल, तर ज्या वाणात रोग अजून खालीच आहे त्यात पानापानांत प्रचंड फरक दिसेल. तो फरक वाणाच्या अस्थिरतेचा नाही, उंचीचा आहे. उंची सरासरीच्या समीकरणात घातली की फायमधला फरक बराचसा नाहीसा होऊ शकतो. वाण आणि दिवस यांचा एकत्रित परिणाम वगळला, किंवा दिवसाचा वक्र परिणाम सरळ रेषेत बसवला, तरी असेच होते. फायचे समीकरण ठरल्यावर सरासरीकडे एकदा परत या, कारण फाय बदलला की सरासरीच्या गुणकांच्या स्टँडर्ड एररही बदलतात.

फायमध्ये काय घालायचे याबाबत हात आखडता ठेवा. सरासरीपेक्षा व्हेरियन्सचा अंदाज कितीतरी कच्चा असतो. नॉर्मल आकड्यांत ३ पुनरावृत्त्यांवरून काढलेल्या व्हेरियन्सची सापेक्ष चूक १०० टक्के असते, १० वरून काढला तरी ४७ टक्के. तेव्हा १८ वाण-उपचार-दिवस गटांना प्रत्येकी वेगळा फाय देऊ नका. वाण आणि दिवस, एवढे दोन चल पुरेत, आणि दिवस संख्या म्हणून घाला, तीन वेगळे वर्ग म्हणून नाही. ६०, ७०, ८० असे कच्चे आकडे देण्याऐवजी (दिवस − ७०) ÷ १० करा. त्याने कन्व्हर्जन्सच्या, म्हणजे गणित एका उत्तरावर स्थिरावत नाही अशा, अर्ध्या तक्रारी मिटतात. उरलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ एखाद्या गटात असते, जिथे सगळे आकडे जवळजवळ एकच आहेत आणि फाय हजारांत पळत सुटतो. नजरेने टक्के लावणारा माणूस ५ आणि १० च्या पटीत लिहितो, त्यामुळे असे गट आपोआप तयार होतात. पानांचे फोटो घेऊन क्षेत्रफळ संगणकाने मोजणे शक्य असेल तर करा.

कमी आकडे आणि जास्त पॅरामीटर असले की काय होते, याचे चांगले उदाहरण प्रेटरच्या १९५६ च्या पेट्रोल उत्पादनाच्या आकड्यांत आहे. कच्च्या तेलापासून मिळालेल्या पेट्रोलचे प्रमाण, ३२ नोंदी, १० बॅच आणि तापमान. बॅच व तापमान सरासरीत घातले की फाय धरून १२ पॅरामीटर होतात. मॅक्सिमम लाइकलिहुडने, म्हणजे नेहमीच्या पद्धतीने, फाय सुमारे ४४० येतो. बायस दुरुस्त करून काढला तर २६१. म्हणजे नेहमीच्या पद्धतीने अचूकता फुगवून दाखवली आणि स्टँडर्ड एरर साधारण पाऊणपट करून ठेवल्या. त्याच आकड्यांत फायमध्ये तापमान घातले, तर गुणकाशेजारचा झेड ४ च्या वर येतो आणि पी अगदी नगण्य दिसतो. पण दोन मॉडेलांची लाइकलिहुड रेशो चाचणी (आकडे कोणत्या मॉडेलला किती जास्त जुळतात याची तुलना) घेतली की काय-वर्ग ४.३६ आणि पी ०.०३७. दोन्ही आकडे एकाच प्रश्नाला उत्तर देतात, पण आत्मविश्वास फार वेगळा. लहान आकड्यांत फायच्या गुणकाशेजारच्या ताऱ्यांवर विसंबू नका. फाय स्थिर असलेले आणि बदलता असलेले मॉडेल शेजारी ठेवून लाइकलिहुड रेशो बघा, आणि बीटारेगमध्ये बायस कमी करणारा पर्याय आहे तो वापरा.

तुमच्या आकड्यांत आणखी एक गाठ आहे. ७२० पाने म्हणजे ७२० स्वतंत्र नोंदी नव्हेत. उपचार प्लॉटला दिला आहे, प्लॉट २४ आहेत, आणि त्याच प्लॉटवर तीनदा नोंद घेतली आहे. दोन रस्ते आहेत. एक, १० पानांची सरासरी काढून ७२ आकड्यांवर काम करा. शून्ये कमी होतात आणि मॉडेल हलके राहते, तरी प्लॉटचा रँडम इफेक्ट (प्रत्येक प्लॉटचा स्वतःचा चढउतार धरणारा घटक) लागतोच, कारण तीन दिवस एकाच प्लॉटचे आहेत. दोन, पानांच्या पातळीवर राहा आणि पुनरावृत्तीचा गट, प्लॉट, आणि प्लॉटच्या आत दिवस असे रँडम इफेक्ट घाला. बीटारेगमध्ये रँडम इफेक्ट नाहीत. आरचेच ग्लमटीएमबी पॅकेज घ्या, त्यात बीटा फॅमिली आहे आणि फायसाठी डिस्पफॉर्म्युला हा पर्याय.

इथे विखुरण कुठले, हे नीट ठरवा. प्लॉटचा रँडम इफेक्ट घातला की फाय फक्त प्लॉटच्या आतले, पानापानांतले विखुरण सांगतो. एका वाणाचे प्लॉटच एकमेकांपासून फार वेगळे वागत असतील, जे चट्ट्याचट्ट्याने येणाऱ्या रोगात शक्य आहे, तर ते फायमध्ये कितीही शोधले तरी सापडणार नाही. त्यासाठी रँडम इफेक्टचा व्हेरियन्सच वाणानुसार वेगळा ठेवावा लागतो. ग्लमटीएमबीत डायगोनल रचना देऊन आणि बीआरएमएस या दुसऱ्या आर पॅकेजमध्ये गटानुसार वेगळा व्हेरियन्स मागून ते जमते. प्रत्येक वाणाचे १२ प्लॉट आहेत, त्यामुळे उत्तर ढोबळ येईल. पण प्रश्न ‘शेतातला एक कोपरा वाचतो आणि दुसरा जळतो का’ असा असेल, तर बघायची जागा हीच.

मग शून्ये. बीटाला ० आणि १ चालत नाहीत, आणि ६० व्या दिवशी निरोगी पाने पुष्कळ असणार. ‘०.०००१ मिळवून टाका’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो घातक आहे. लॉजिटच्या मोजपट्टीवर १ टक्क्यापासून ५० टक्क्यांपर्यंतचे अंतर ४.६ आहे, आणि ०.०१ टक्क्यापासून १ टक्क्यापर्यंतचे अंतरही ४.६. डोळ्याला न दिसणारा फरक मॉडेलसाठी अर्ध्या पानाइतका होतो. अशा दहा-वीस शून्यांनी फाय कोसळतो, आणि ज्या वाणात निरोगी पाने जास्त तोच ‘अस्थिर’ ठरतो. स्मिथसन-व्हर्क्युलेन यांची (य × (न − १) + ०.५) ÷ न ही युक्ती (इथे ‘य’ म्हणजे नोंदवलेले प्रमाण, ‘न’ म्हणजे एकूण नोंदी) त्याहून सौम्य आहे, पण तीतही ‘न’ ३६ असताना शून्याचे १.४ टक्के होतात आणि ‘न’ ३६० असताना ०.१४. तेच निरोगी पान, किंमत दहापट वेगळी. शून्ये तुरळक असतील तरच ती वापरा, आणि दोन-तीन वेगळ्या किमतींनी मॉडेल पुन्हा चालवून निष्कर्ष टिकतो का ते बघा.

शून्ये जास्त असतील तर ती काय सांगतात ते विचारा. ‘पानावर रोग पोहोचलाच नाही’ आणि ‘पोहोचल्यावर किती पसरला’ हे दोन वेगळे प्रश्न असतील, तर झिरो-इन्फ्लेटेड बीटा घ्या. ग्लमटीएमबीत झिरो-इन्फ्लेशनचे समीकरण दिले की शून्ये चालतात. सहनशील वाणाबाबत हे विभाजन फार बोलके ठरू शकते: लागण सारखीच, वाढ कमी, की लागणच कमी? पूर्ण करपलेली पानेही असतील, म्हणजे १०० टक्केही असतील, तर कुबिनेक यांचे ऑर्डर्ड बीटा मॉडेल घ्या. तेही ग्लमटीएमबीत आहे. बीटारेगच्या नव्या आवृत्त्यांत कोसमिडिस आणि झायलाइस यांचा एक्सटेंडेड-सपोर्ट बीटाही आला आहे, तो दोन्ही टोके सामावून घेतो.

आउटपुट वाचताना चिन्हाची चूक सर्रास होते. बीटारेग, ग्लमटीएमबी आणि स्टेटात फायचा गुणक धन म्हणजे अचूकता जास्त, विखुरण कमी. गॅमलस या आर पॅकेजच्या बीटा फॅमिलीत मात्र सिग्मा असतो, आणि व्हेरियन्स सिग्माच्या वर्गाला म्यू × (१ − म्यू) ने गुणून येतो. तिथे धन म्हणजे विखुरण जास्त. जुन्या लेखांत कधी कधी फायच्या समीकरणाआधी उणे चिन्ह असते. आणखी एक: बीटारेगमध्ये फाय स्थिर असेल तर तो जसाच्या तसा छापला जातो, चल दिले की लॉगवर जातो. ३.५ दिसला तर तो फाय ३.५ आहे की ३३, हे लिंक बघून ठरवा. लॉग लिंकवर गुणक −०.७ म्हणजे फाय निम्मा.

तपासणीसाठी साधे रेसिड्युअल पुरत नाहीत. क्वांटाइल रेसिड्युअल काढा, म्हणजे प्रत्येक आकडा त्याच्या अंदाजित वितरणात कुठे बसतो यावरून काढलेले. मॉडेल बरोबर असेल तर ते नॉर्मलसारखे वागतात. ते फायमधल्या प्रत्येक चलासमोर मांडा आणि गटागटांत त्यांची रुंदी सारखी आहे का बघा. ग्लमटीएमबीसाठी धर्मा पॅकेज हेच काम सिम्युलेशनने करते. त्याशिवाय, बसवलेल्या मॉडेलमधून नवे आकडे बनवून प्रत्येक गटातील ९० व्या शतमकाची खऱ्याशी तुलना करा. विखुरणाचे मॉडेल चुकले असेल तर ते या टोकाला पहिल्यांदा उघडे पडते.

फक्त सरासरीतच रस असेल आणि विखुरण ही अडचण एवढीच असेल, तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही. पापके आणि वुलड्रिज यांचे १९९६ चे फ्रॅक्शनल लॉजिट घ्या, रोबस्ट स्टँडर्ड एरर लावा, प्लॉटवर क्लस्टर करा. ० आणि १ चालतात, व्हेरियन्सचे रूप चुकले तरी सरासरीचे अंदाज ठीक राहतात. बीटाला ही मुभा नाही. त्याचे गणित टक्क्याच्या लॉजिटवर चालते आणि त्यात म्यू व फाय एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे फायचे समीकरण चुकीचे असेल तर सरासरीचे गुणकही सरकतात. म्हणून दोन्ही चालवून सरासरीचे अंदाज शेजारी ठेवा. ते दूर गेले असतील तर बीटा मॉडेलमध्ये काहीतरी राहिले आहे, बहुधा शून्ये किंवा फायमधला एखादा चल.

प्रबंधात लॉजिट गुणकांचा तक्ता परिशिष्टात जाऊ द्या. मुख्य तक्त्यात प्रत्येक वाण, उपचार आणि दिवसासाठी तीन आकडे द्या: अंदाजित सरासरी टक्के आणि तिचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, फाय, आणि पानाची तीव्रता तुमच्या क्षेत्रात धोक्याची मानल्या जाणाऱ्या मर्यादेपलीकडे जाण्याची शक्यता. रँडम इफेक्ट असलेल्या मॉडेलमध्ये ही सरासरी ‘सर्वसाधारण प्लॉट’ची आहे की सगळ्या प्लॉटवरून काढलेली, तेही लिहा, कारण लॉजिटवर त्या दोन वेगळ्या येतात आणि प्लॉटांतला फरक मोठा असेल तर बऱ्याच वेगळ्या.